एकास एक

विक्री-दालनात काचेखाली त्यांचं मॉडेल आहे,
एकास दोनशे.
माणसं तांदळाएवढी, सगळी सडपातळ,
एकाच्याही हातात बाजाराची पिशवी नाही.

मी काढते ते एकास एक.
डेटफर्डमध्ये, टॅनर्स कोर्टच्या मागे,
गाड्या लावायच्या डांबरावर, खडूने.
टेपचं एक टोक फोलाके धरते, एक मी,
आणि नवव्या मजल्यावरचं तिचं घर
भिंत भिंत करून
खाली उतरवून घेतो.

“इथे दार. नाही, जरा डावीकडे.
उघडलं की फ्रीजला लागायचं.”
दार फिरायचं ती कमान काढते
आणि ते लागायचं तिथे
एक फुली.

कौन्सिलच्या पत्रात शब्द होता डिकँट.
वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात ओततात,
गाळ मागे राहावा म्हणून, तेव्हा म्हणतात तो शब्द.
मिस्टर थाचनी तो डिक्शनरीत पाहिला,
पत्राच्या चार घड्या केल्या
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.
मग मला विचारलं, “आपण वाइन की गाळ?”

मी त्यांच्या टेबलाचे चार पाय काढले.
चौथ्याखाली पत्र.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आमच्यात म्हणतात,
मी फोलाकेला सांगितलं.
ती म्हणाली, “माझं एकतीस वर्षांचं आहे.
एवढी पाठ कुणाकडून आणू?”

शनिवारी सगळे आले.
वर एकावर एक राहिलेले लोक
इथे डांबरावर शेजारी शेजारी.
ज्यांच्या पावलांना छताकडे बघत शिव्या घातल्या
त्यांचं न्हाणीघर आता हाताच्या अंतरावर.
आणि एकानेही भिंत ओलांडली नाही.
सगळे दारातूनच आत गेले.
सायकलवरचा पोरगासुद्धा
सायकल बाहेर टेकवून.

वर कसलीशी घरघर होती.
मला वाटलं, हेलिकॉप्टर.

सप्टेंबरात कुंपणाच्या पत्र्यांवर फोटो लागला,
बसच्या लांबीचा.
वरून घेतलेला. खडूची घरं,
त्यांत उभी माणसं,
फोलाकेचा पिवळा रुमाल तांदळाएवढा.
खाली ओळ: ‘आठवणींच्या पायावर, नवं आयुष्य.’
त्याखाली किंमत, ‘पासून’ या शब्दासकट.

स्टुडिओ मला फुकट होता.
हे वरच लिहायला हवं होतं.
तळमजल्यावर, जुन्या लाँड्रीच्या खोलीत, अठरा महिने.
किल्ली त्यांची,
खडूंचं बिलही त्यांनीच भरलं.
मी पावती जपून दिली होती.

फोटोसमोर फोलाके बराच वेळ उभी राहिली.
मी बोलायला तोंड उघडलं
तर म्हणाली, “माझी फुली दिसत नाहीये.”
एवढंच.
पुढच्या मंगळवारी तिची व्हॅन आली.

आता ती बॅसिल्डनला. दोन गाड्या, मग बस.
जानेवारीत तिचा फोन आला.
घर बरं आहे म्हणाली, गरम आहे,
पण दार उघडलं की कशालाच लागत नाही,
झोपेतून उठून दोनदा उघडून पाहिलं.
“टेप घेऊन ये.”

खडू कार्पेटवर उमटत नाही,
म्हणून रंगाऱ्यांची चिकटपट्टी घेतली,
माझ्या पैशांनी. पाच गुंडाळ्या.
दुपारभर रांगत
जुनं घर नव्या घरात बसवत होतो.
झोपायची खोली आली. बोळ आला.
स्वयंपाकघर मात्र मावेना.
अर्ध्यातच भिंत,
आणि भिंतीपलीकडे कुणाचा तरी टीव्ही.

मी म्हटलं, थोडं लहान करू या?
एकास दीड?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पट्टी फाडली ती दाताने.

वर छत होतं, पांढरं, नीट रंगवलेलं.
इथून वरून काही दिसणार नव्हतं.

फोलाके उठली, गुडघे झाडले,
चपला शोधल्या,
आणि टेपचं टोक हातात धरूनच
शेजारचं दार वाजवायला गेली.
मी दुसरं टोक धरून आत बसलेली.
टेप ताणली गेली. दार उघडल्याचा आवाज.

“माफ करा हं,” ती कुणाला तरी सांगत होती,
“माझा फ्रीज तुमच्याकडे आलाय.”